कर्णिकबाईंनी कापलेले फुलाचे दांडे

सत्तावीस वर्षं मी केमिस्ट्री शिकवली. आजही भिवंडीच्या बाजारात जुने विद्यार्थी भेटतात, वाकून नमस्कार करतात, चहाचा आग्रह करतात. पण एकानेही कधी मला बेंझिनबद्दल विचारलेलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "सर, ते माशा खाणारं झाड आठवतं का?"

न आठवायला काय झालं! मग तो एक किस्सा सांगतो, मी एक सांगतो, तेवढ्यात शेजारच्या दुकानातून तिसरा ओरडतो, "नाही नाही, तसं नव्हतं झालं, मी होतो ना तिथे!" अशाने माझ्याकडे ढीग साठलाय. त्यातले जे मी स्वतः पाहिले तेवढेच सांगतो. बाकीच्यांची जबाबदारी माझ्यावर नाही.

*

कर्णिकबाई आमच्या ज्युनियर कॉलेजच्या बायोलॉजीच्या बाई. बुटक्या, चष्मा नाकावर, आणि आवाज असा की खालच्या मजल्यावरची पाचवी 'ब' सुद्धा गप्प बसायची.

कीटकभक्षी वनस्पतींचा धडा त्या दरवर्षी शिकवायच्या. रंगीत खडूंनी फळ्यावर व्हीनस फ्लायट्रॅप काढायच्या. पानाच्या टोकाला दातेरी सापळा, सापळ्यात माशी, सगळं झोकात. मग मधून उंच दांडा, दांड्यावर फूल. फुलापाशी आल्या की मात्र म्हणायच्या, "हे मी पाहिलेलं नाही बरं का. पुस्तकात आहे म्हणून काढतेय."

वर्षानुवर्षं हेच. सापळाही त्यांनी पाहिलेला नव्हता, पण त्याचं त्यांना तेवढं वाटत नसावं. फुलाचं वाटायचं.

मग सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास त्यांचा एक विद्यार्थी, जो बोटीवर इंजिनियर झाला होता, सुट्टीवर आला. घरी जायच्या आधी सामानासकट लॅबमध्ये. हातात कॉफीची रिकामी बाटली, बाटलीत ओलं शेवाळ आणि शेवाळात चार जिवंत सापळे! बाईंनी बाटली घेतली आणि त्याच्याकडे पाहिलंच नाही. पंधरा मिनिटं कुंडी शोधणं, शेवाळ भिजवणं, खिडकी ठरवणं.

शेवटी तो बिचारा म्हणाला, "बाई, मी बसू का?"

"थांब रे जरा! आधी याची सोय होऊ दे. तू काय, कुठेही बसशील!"

*

या झाडाला नळाचं पाणी चालत नाही. क्षारांनी मरतं. डिस्टिल्ड वॉटर लागतं. आणि अख्ख्या शाळेत डिस्टिल्ड वॉटर कुणाकडे? माझ्याकडे!

आठवड्याभरात माझी बाटली अर्धी झाली. मी सरळ जाधवमामांना धरलं. मामा आमचे लॅब अटेंडंट, दिघाशीहून एसटीने यायचे. प्रॅक्टिकलच्या आधी टेबलं अशी पुसलेली असायची की नाव ठेवायला जागा नाही. म्हटलं, "मामा, माझं पाणी कुठे जातंय?"

मामा शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या शिशीत पानी नुसता बसून हाय. तिकडं झाडाला तान लागलीय."

मी भडकलो. "मग आणा दुसरीकडून! माझ्या बाटलीला हात लावायचा नाही!"

मामा गेले ते नाक्यावरच्या गॅरेजमध्ये. ट्रकच्या बॅटरीत घालायचं पाणीही डिस्टिल्डच असतं, हे डोक्यात आलं त्यांच्या, माझ्या नाही. मेकॅनिकने विचारलं, "कौनसी गाडी है, मामा?"

"गाडी न्हाय रे, झाड है."

मेकॅनिक हातातला पाना खाली ठेवून म्हणाला, "कितने दिन से बंद है?"

*

शाळेच्या मागच्या भिंतीला लागून अन्सारीचाचांचा लूमचा कारखाना होता. आमच्या नारपोलीच्या त्या टोकाला लूमचा खडखडाट म्हणजे घड्याळासारखा, थांबला तरच लक्ष जायचं. पण खिडकीतून सुताचे बारीक तंतू उडत यायचे आणि थेट सापळ्यात पडायचे. सापळ्याला वाटायचं, माशी आली! की मिटला. दोन दिवस उपाशी बसून उघडायचा, परत तंतू, परत मिटला. असं चार-पाच वेळा झालं की तो सापळा काळा पडून मरतो. फक्त शुक्रवारी लूमची वीज बंद असायची, तेव्हा झाडाला जरा उसंत.

बाई तडक कारखान्यात. मीही मागोमाग, कारण भांडण झालं तर साक्षीदार हवा. बाईंनी चाचांना सगळं समजावलं. मशीनच्या आवाजात, ओरडून!

चाचांनी दाढी खाजवली. "बाईजी, खिडकी बंद करूं तो मेरे कारीगर का दम घुटेगा. खुली रखूं तो आपके पौधे का. आप ही बताइए."

आता बाई काय बोलणार? "कारीगर पहले," म्हणाल्या, आणि परत फिरल्या. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या खिडकीवर ओलं गोणपाट लटकत होतं. हवा यायची, तंतू चिकटून राहायचे. चाचा ते दिवसातून तीन वेळा स्वतः भिजवायचे. महिन्याभराने भेटले तेव्हा म्हणाले, "बाईजी का शुक्रिया बोलना. कारीगर लोग की खांसी कम हो गयी!"

*

एकदा शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. बायोलॉजी लॅबमध्ये झाड पाहिलं, खिशातलं पेन काढलं आणि सापळ्यात टेकवलं. काही नाही. साहेब हसले. "काय हो बाई, हे तर साधंच झाड!"

आमचे हेडमास्तर घामाघूम. पण बाई आपल्या जागच्या हलल्या नाहीत.

"साहेब, एकदा हात लावला तर ते लक्ष देत नाही. पावसाचा थेंब असेल, काडी असेल, उगाच कशाला मिटायचं? लगेच दुसऱ्यांदा लागला की मगच कारवाई. लावून बघा."

साहेबांनी परत पेन लावलं. खटकन मिटला! साहेब दचकून मागे सरले आणि पेन तिथेच अडकून राहिलं. ते काढायला बाईंनी साफ नकार दिला, "पान फाटेल."

साहेबांनी शेरा माझं पेन मागून लिहिला. शेरा उत्तम होता.

*

या झाडाला हिवाळ्यात खरी थंडी लागते, नाहीतर ते थकतं. भिवंडीत खरी थंडी कुठून आणायची? हेडमास्तरांच्या घरी फ्रीज होता. डिसेंबरात झाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिथे पाठवलं. हेडमास्तर घरी सांगायला विसरले.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या सौ. शाळेत हजर, पिशवी हातभर लांब धरलेली. "मी कोथिंबीर म्हणून हात घातला, तर माझं बोट धरलं की हो याने!"

बाई धावत आल्या. आम्हाला वाटलं, माफी मागतील.

"धरलं? म्हणजे तब्येत सुधारलीय!"

*

आता दांड्याचं. पहिल्याच फेब्रुवारीत झाडाच्या मधोमध एक जाड, गोल टोकाचा कोंब वर आला. फुलाचा दांडा! अख्खी स्टाफरूम बघायला. आणि बाई पुस्तक उघडून बसलेल्या.

पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. दांडा वाढवायला झाडाची सगळी ताकद जाते. धडधाकट झाड सोसतं; अशक्त झाड फुलतं आणि मरतं, किंवा वर्षभर सापळेच धरत नाही. आमचं झाड बॅटरीच्या पाण्यावर आणि फ्रीजवर जगलेलं. धडधाकट कुठून असणार?

स्टाफरूमचे दोन तट पडले. 'कापा' आणि 'ठेवा'. मी 'ठेवा'चा पुढारी. म्हटलं, "बाई, इतकी वर्षं न पाहता फूल काढताय. आता दारात आलंय, तर कात्री काय लावता?"

बाई म्हणाल्या, "तांबे, फूल मला बघायचंय. सापळे मुलांना बघायचेत. मुलं जास्त आहेत."

आणि दोन बोटं उंचीचा दांडा बुडापाशी कचकन कापला. मामांनी नेहमीप्रमाणे टेबल पुसलं, आणि तास सुरू झाला. फळ्यावर परत तेच पुस्तकातलं फूल.

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी तेच. दरवर्षी मी भांडायचो, दरवर्षी त्या कापायच्या. त्या मुलांना मात्र सापळे मिळाले, हे मला कबूल करावंच लागेल. आमच्या शाळेतल्या मुलांनी कीटकभक्षी वनस्पती पाठ केली नाही, पाहिली. भिवंडीत राहून!

*

मग आलं बाईंच्या रिटायरमेंटचं वर्ष. एकतीस मार्च शेवटचा दिवस. आणि फेब्रुवारीत दांडा आलाच.

या वेळी दोन तट नव्हतेच. 'कापा'वाले सगळे फुटून माझ्या बाजूला आले. हेडमास्तर स्वतः लॅबमध्ये जाऊन म्हणाले, "बाई, यंदा कापायचं नाही. ऑर्डर समजा. मार्चअखेर फुलेल, तुमच्या सेंडऑफला टेबलावर ठेवू."

बाई हो म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना मी खिडकीपाशी नुसतंच उभं राहिलेलं पाहिलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण त्या वर्षी झाड फारच खंगलं होतं. तीनच सापळे, तेही फिकट. दांडा वर चढायला लागला तसे तेही मलूल झाले. चौथ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये गेलो तर दांडा कापलेला. कात्री बाईंच्या हातात.

मी काय काय बोललो ते आता लिहवत नाही. "तुम्हाला काळीज आहे की नाही," इथपर्यंत गेलो.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "जूनमध्ये नवी मुलगी येईल माझ्या जागी. तिच्या हातात काय देऊ, तांबे? मेलेलं झाड आणि माझी हौस?"

मी बाहेर जाऊन उगाच बर्नर तपासत बसलो.

सेंडऑफ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं, मुलींची रडारड. चाचासुद्धा नवी टोपी घालून येऊन बसले होते. फक्त जाधवमामा नव्हते. इतकी वर्षं बाईंबरोबर काम केलेला माणूस त्या दिवशी रजेवर! मला इतका राग आला की सांगता सोय नाही. बाईंनी मात्र दोनदा दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या दारात. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "सर, शिव्या मंग द्या. स्कूटर काढा आनि बाईंना घिऊन दिघाशीला चला. आत्ता."

बाई मागे बसल्या, मामा एसटीने पुढे गेले. रस्ताभर बाई विचारत होत्या, "मामांकडे कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना?" मला तरी काय माहीत!

मामांच्या घराच्या पडवीत, कठड्यावर, पाणी पाझरून गार राहणारी मातीची मडकी मांडली होती. एका ओळीत पाच. पाचांत ओलं शेवाळ, शेवाळात सापळे. हिरवे, टपोरे, आतून लालबुंद. आमच्या कुंडीतल्यापेक्षा सरस! आणि पहिल्या दोन मडक्यांमधून वीतभर उंच दांडे वर आलेले. दांड्यांवर पांढरी फुलं.

मामा अपराध्यासारखे उभे होते. "तुमी कापलेले दांडे टाकवंना, बाई. शेवग्याची फांदी मातीत खवली का जगते, म्हटलं ह्ये बी खवून बघू. पावसाचा पानी घातला. थोडं मेलं, थोडं लागलं. ह्ये पयल्या दोन वरसांचं. काल कळी उमलाया लागली, उठवंना मला हितून. म्हनून आलो न्हाय."

बाई पुढे झाल्या. खाली शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसल्या. नवी कोरी साडी, सेंडऑफची. नाक फुलाला लागेल इतकं तोंड जवळ नेलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायचं भान नव्हतं.

मग म्हणाल्या, "पाकळ्यांना बारीक शिरा आहेत, तांबे. मी कधीच काढल्या नाहीत. सगळ्या मुलांना चुकीचं शिकवलं मी."

मी म्हटलं, "बाई, राहू द्या हो आता!"

मामांच्या बायकोने चहा आणला. बाईंनी कप हातात घेतला, पण नजर मडक्यांवर. हळूहळू त्यांच्या कपाळाला ती ओळखीची आठी पडली. एक सापळा त्यांनी बोटाने हलकेच वर उचलून पाहिला, मग दुसरा. कप खाली ठेवला.

"मामा, कात्री आणा. झाडं लहान आहेत अजून. यांना झेपायचं नाही."

मामा कात्री आणायला गेले नाहीत. उलट मडक्यांच्या पुढे येऊन उभे राहिले.

"बाई, तुमी काल रिटायर झाल्याव. आता तुमची ऑर्डर चालाची न्हाय. चा प्या गुमान."