वादळ विरेपर्यंत पाहणाऱ्या शोभाताई

शोभाताई देवस्थळी यांची आणि माझी ओळख इथे अमिरातीत, फुजैरातल्या आपल्या गणपतीत झाली. मी तिथला हिशेब बघते. आरतीला उभ्या असताना ताईंनी मोबाइल काढून पाहिला, तेव्हा मागून कुणीतरी पुटपुटलं, "यांचं ऑफिस काही सुटत नाही." ताईंनी ते ऐकलं. आरती संपल्यावर हसून म्हणाल्या, "अटलांटिकच्या वादळांना गणपतीची सुट्टी नसते हो. उलट हाच त्यांचा सीझन."

ताई एका शिपिंग कंपनीत जहाजांना हवामानाचा सल्ला देतात. खिडकीतून दिसतो आपला इथला समुद्र, आणि लक्ष सगळं अटलांटिककडे. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ वादळ उठलं, की ते विरेपर्यंत ताई त्याचा माग सोडत नाहीत. अमेरिकेहून त्याची बुलेटिनं येतात. त्यातलं एक आपल्याकडे नेमकं दिवेलागणीला येतं.

माझा मुलगा अमेय टँकरवर थर्ड ऑफिसर आहे. मागच्या वर्षी त्याचं जहाज अटलांटिक ओलांडत असताना पुढ्यात वादळ उभं राहिलं. त्याचा फोन लागेना. ग्रुपवर आलेल्या एका नकाशात वादळाच्या पुढे पांढरा पंखा काढला होता, लांब जाईल तसा रुंद होत गेलेला. मला वाटलं, वादळ एवढं फुगणार, आणि अमेय त्याच्या पोटात सापडणार. लेक म्हणाली, "आई, डोन्ट पॅनिक," आणि आपल्या खोलीत जाऊन रडली. मी देव पाण्यात ठेवले. मनातली काळजी मिटेपर्यंत काढायचे नाहीत, असं ठरवून.

अमेयची कंपनी वेगळी, ताईंचा त्या जहाजाशी काही संबंध नाही. तरी कळताच त्या ऑफिसातून थेट आमच्याकडे आल्या. मी त्यांना तो पंखा दाखवला.

"हा वादळाचा आकार नाही, वहिनी," त्या म्हणाल्या. "पुढचं आपल्याला किती कमी ठाऊक आहे, त्याचा आकार आहे."

मी म्हटलं, ते जाऊ दे, अमेय सुखरूप येईल एवढं फक्त म्हणा. ताईंनी ते म्हटलं नाही. वादळ पुढून निघून जावं म्हणून जहाजानं वेग कमी केलाय, कॅप्टन सांभाळून चालवतोय, जहाजांच्या नकाशावर दिसतंय तेवढंच सांगते, म्हणाल्या. त्या वेळी मला ते लागलं. पण खोटा धीर दिला नाही, म्हणूनच पुढे त्यांच्या प्रत्येक शब्दावर माझा विश्वास बसला. वादळाचं पैसे भरून घ्यायचं एक अ‍ॅप मी घेणार होते, तीस दिरहम, म्हणजे आपले सातशे रुपये. तेही त्यांनी घेऊ दिलं नाही. बुलेटिन फुकट असतं, मीच वाचून दाखवीन म्हणाल्या. पाण्यातल्या देवांकडे त्यांचं लक्ष गेलं. हसल्या नाहीत. हात जोडले, आणि मला समोर बसवून आमटीभात खायला लावला.

मग त्या रोज संध्याकाळी येऊ लागल्या. एके दिवशी दारातूनच म्हणाल्या, "वळलं. जहाज मोकळं झालं. आता देव बाहेर काढा."

मी रडतच देवांपाशी गेले. वळून पाहते तर ताई अजून मोबाइलमध्येच. विचारलं तर म्हणाल्या, वादळ आता एका बेटाकडे निघालंय. तिथे तुमचं कुठलं जहाज आहे का, मी विचारलं.

"नाही. पण माणसं आहेत ना."

पाण्यात घातलेला हात मी तसाच मागे घेतला. त्या बेटाचं नाव मला नीट म्हणताही येत नव्हतं. पण त्या संध्याकाळी देव पाण्यातच राहिले. मी विचारायची, ताई सांगायच्या. शेवटी एकदा म्हणाल्या, "खलास, वहिनी. विरलं. छपरं गेली बऱ्याच घरांची. माणसं वेळेवर हलवली होती." तेव्हा मी देव काढले, पुसले आणि जागेवर बसवले. शिऱ्याचा नैवेद्य दाखवला. ताईंनी तो मागून घेऊन खाल्ला.

अशा शोभाताईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. देवाने त्यांना उदंड आयुष्य द्यावं, डोळे आणि गुडघे ठणठणीत ठेवावेत. ज्यांची मुलं समुद्रावर आहेत, ज्यांची घरं त्या बेटांवर आहेत, अशा कितीतरी आयांना ताईंचं नावही ठाऊक नाही. त्या सगळ्यांच्या वतीने माझा त्यांना नमस्कार.