तांब्यातली फट

मारी बिस्किटाच्या निम्म्या आकाराचा माझा अँटेना तीनपासून दहा गिगाहर्ट्झपर्यंत सगळं ऐकतो, फक्त मधला वायफायचा पट्टा ऐकायला नकार देतो. ही करामत एका फटीची. तांब्याच्या पत्र्यात यू आकाराची बारीक चीर ठेवायची; लांबी जमली की तेवढाच पट्टा अडतो. ती लांबी मी काढली होती. कॉम्प्युटरवर माझं गणित चुकत नाही, आणि हे सांगताना मी उगाच नम्र होणार नाही.

हाताचं काम मात्र मला जमत नाही. गारखेड्यातल्या घराच्या बाल्कनीत आम्लात बुडवून केलेले दोन नमुने वाया गेले होते. मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं, "या वेळी पट्टा अडला नाही, तर फटीचं प्रकरण प्रबंधातून काढून टाका." त्या प्रकरणाशिवाय माझ्या सहा वर्षांच्या कामात उरत काय होतं? मोजणीचं यंत्र दुसऱ्या कॉलेजात होतं आणि मला त्यावर एकच दिवस मिळाला होता.

म्हणून तिसरा नमुना मी सिटी चौकातल्या चाचांकडे दिला. ते वर्षानुवर्षं वाळूजच्या कारखान्यांसाठी सर्किटचे बोर्ड बनवत आलेत. नकाशा बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, ही फट कशाला?"

"ते तुम्हाला नाही कळायचं, चाचा. तुम्ही फक्त बनवा."

मोजणीच्या दिवशी यंत्राच्या पडद्यावरची रेष तळाला धरून सरळ निघून गेली. म्हणजे अँटेना सगळंच ऐकत होता, वायफायसुद्धा. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मला मधे एक उंचवटा हवा होता. पट्टा अडल्याची तीच खूण. भिंग लावून पाहिलं, तर फटीच्या मधोमध कथिलाचा एक सुबक डाग.

मी तिथूनच फोन लावला.

"तांब्याचा ट्रॅक मधे फुटला होता ना, जोडून दिला," चाचा खुशीत म्हणाले. "वाळूजवाले अशी फट दिसली की माल वापस करतात. तुमचा वापस नाय आला पाहिजे."

मी तोंडाला येईल ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मी विचारलं होतं, मॅडम," ते एवढंच म्हणाले.

लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. तेवढ्यात तेच म्हणाले, "थांबा तिथंच. येतो मी."

तासाभरात ते स्कूटरवरून इस्त्री, म्हणजे त्यांचं डाग द्यायचं हत्यार, घेऊन हजर झाले. कथील वितळवून त्यांनी तो डाग उचलला, पात्यानं फट साफ केली. त्यांचा हात चालू असताना मी शेजारी बसून सांगत होते: अँटेना सगळ्यांचं ऐकतो, पण वायफायचा गोंगाट त्याला नको, म्हणून ही चीर मुद्दाम ठेवलेली. ते मान न उचलता "व्हय, व्हय" म्हणत होते.

बोर्ड पुन्हा यंत्राला जोडला. रेष तळानं निघाली, साडेपाचाच्या, म्हणजे वायफायच्या, आकड्यावर उसळून वर गेली आणि परत खाली आली. मला रडू फुटलं.

चाचा घाबरले. "क्या हुआ? पुन्हा बिघडलं का?"

"नाही चाचा. हेच पाहिजे होतं." मी डोळे पुसले. "माझं चुकलं. तुम्ही विचारलं तेव्हाच सांगायला हवं होतं."

ते हत्यार पिशवीत भरत म्हणाले, "आता सांगितलं ना."