स्पेशालिस्ट रेचे न मोजलेले मत

मतदानाचा दिवस: २ नोव्हेंबर २००४. अध्यक्षपदाची निवडणूक, राज्य मिशिगन. जबाबदार व्यक्ती दोन. पहिली, रेच्या टाउनशिपचा तेव्हाचा क्लार्क, म्हणजे तिथला निवडणूक अधिकारी. मतदान तीन आठवड्यांवर आले तेव्हा कुठे त्याने परदेशातील सैनिकांच्या मतपत्रिका पोस्टात टाकल्या. दुसरी, मी.

मी मूळचा नागपूरचा, आता मिशिगनमधल्या ट्रॉय शहरात निवृत्त. तेव्हा अमेरिकन लष्करात सार्जंट फर्स्ट क्लास होतो आणि आमची ट्रान्सपोर्ट कंपनी इराकमध्ये होती. जवानांचे टपाली मतदान माझ्याकडे होते. दर रविवारी ०९०० वाजता मी मेसमध्ये टेबल मांडत असे. राज्याची मतपत्रिका वेळेत न आल्यास भरायचा कोरा फेडरल फॉर्मही माझ्याजवळ असे.

तेवीस दिवस उरले असताना ट्रक ड्रायव्हर रे आला, हुद्दा स्पेशालिस्ट, म्हणजे साधा जवान. वय एकतीस. आयुष्यातले पहिले मत.

"सार्जंट, तो कोरा फॉर्म द्या ना. भरून मोकळा होतो."

"अधिकृत मतपत्रिका येईल. थांब."

"तुम्ही गोळी झाडण्याआधीही अर्ज मागाल!"

सगळे हसले. मीही हसलो. थांबण्याची अट कायद्यात नव्हती. ती मी घातली.

मतपत्रिका आली तेव्हा दहा दिवस उरले होते. रेने ती ट्रकच्या बॉनेटवर ठेवून भरली. त्याच दुपारी मी ती टपालात टाकली.

मतदानाच्या दोन दिवस आधी, ०६४० वाजता, रेडिओवर आवाज आला.

"थ्री-टू हिट. ड्रायव्हर डाउन."

"मेडिक पाठवतो."

"निगेटिव्ह. गरज नाही."

थ्री-टू रे चालवत होता.

त्याचे मत टाउनशिपला पोहोचले मतदानानंतर दोन दिवसांनी. त्याच्या आईला छापील पत्र गेले: उशिरा मिळाल्याने मत मोजलेले नाही. पत्रावर संबोधन रेच्या नावाचे होते.

मी क्लार्कच्या कार्यालयाला अकरा पत्रे लिहिली. दोनदा उत्तर आले, 'नोंद घेतली'. पुढे मिशिगनने कायदा बदलला. मुदतीत टपालाचा शिक्का असेल, तर परदेशातील सैनिकाचे मत आता सहा दिवसांपर्यंत स्वीकारतात. तारखांच्या हिशेबाने रेचे मत या मुदतीत बसले असते.

या लेखाची इंग्रजी प्रत त्या कार्यालयाला पाठवली आहे. माझी मागणी एकच. टाउनशिपच्या पुढच्या जाहीर सभेत उभे राहून सांगा: रेच्या कोऱ्या मतपत्रिकेचा लिफाफा नेमका कोणत्या दिवशी पोस्टात टाकला आणि तोवर तो का पडून होता? त्याची आई पहिल्या रांगेत बसेल. ती एक्याऐंशी वर्षांची आहे, तिला कमी ऐकू येते. मोठ्याने बोला.