साडूंची हातोडी

माझ्या थोरल्या साडूंइतका नकोसा पाहुणा अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. नळदुर्गच्या कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण फक्त पगारातून; शिकवणं चालूच. खिशात पेनाच्या जागी रबरी हातोडी. दारात पाय ठेवला की चहाच्या आधी फर्मान, "पाव्हणं, पाय लोंबते सोडा." गुडघ्याच्या वाटीखाली टक् करून हातोडी बसायची, पाय उडायचा आणि साडू असे फुलायचे, जणू माझा गुडघा त्यांनीच घडवलाय. मग व्याख्यान. हातोडी बसली की मांडीचा स्नायू क्षणभर ताणला जातो. त्या स्नायूतच बारीक पहारेकरी बसलेले असतात, ते ताण ओळखून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला वर्दी देतात आणि तिथूनच परस्पर हुकूम सुटतो, 'आखड!' "मेंदूला मागनं कळतं," ते म्हणायचे, आणि माझ्याकडं बघून जोडायचे, "तवा मेंदू कसला का असंना, पाय उडतोच."

माझ्या पुतणीला बघायला परांड्याची मंडळी आली, तेव्हा या गृहस्थांनी मुलाच्या मामांच्याच गुडघ्यावर हातोडी मारली. मामांचा पाय उडाला तो थेट पोह्यांच्या ताटावर. आम्ही मान खाली घालून बसलो आणि साडू म्हणाले, "वा! मामांचा कणा एकदम शाबूत हाय." लग्न जमलं, तर त्याचं श्रेयही यांनीच घेतलं.

गेल्या वर्षी ते आमच्याकडं जळकोटला आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठं गळली, या विद्वानाला पत्ता नाही! मला हसू आवरेना. "लोकांचे पाय उडवता, आज तुमचा बघू," म्हणून मी हातोडी त्यांच्याच गुडघ्यावर मारली. पाय हलला नाही.

"जरा खाली मारा."

मारली. काही नाही.

"तुमचा हातच न्हाय बसत." त्यांनी हातोडी घेऊन स्वतः मारून बघितली. पाय नुसता लोंबत राहिला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "वर्दीच जाईना हो. आमच्या हिला सांगू नका."

मी सोलापूरला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. शुगरनं पायांच्या नसा कधीच्याच खाल्ल्या होत्या. जगाचे गुडघे तपासणाऱ्या या शहाण्यानं स्वतःचं रक्त एकदाही तपासलं नव्हतं. वाटेत मी त्यांना मनसोक्त बोलून घेतलं.

आता शुगर ताब्यात आहे, पण गेलेली जाणीव परतली नाही. आपला पाय कुठं पडलाय, ते त्यांना बघितल्याशिवाय कळत नाही. परवा दिवे लागायच्या वेळी त्यांना हायवेला बसवर सोडायला निघालो. वाटेवर अंधारलं, तसा त्यांनी काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला. ती शांतता मला सोसेना.

"साडूभाऊ, त्या मज्जारज्जूचं काय ते, परत एकदा सांगा की."

"सांगतो," ते म्हणाले, "जरा उजेडात जाऊ द्या."

आणि खाली बघत, चाचपत, त्यांनी पुढचं पाऊल टाकलं.