घोड्याचं नाव कोरलं, शांतवनचं नाही

शांतवन, साहेबाच्या घोड्याचे मोतद्दार, माझ्या आईचे पणजोबा. त्यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या नाताळच्या आदल्या रविवारी, उपासना संपल्यावर, आपल्याच चर्चच्या आवारात. मी तेव्हा बॅग मांडीवर घेऊन गेटाबाहेर गाडीत बसले होते. मस्कतचं विमान गाठायचं होतं. पाळकांनी नव्या स्मृतिदगडावरचं कापड ओढलं, टाळ्या वाजल्या, गाडी निघाली.

दगड पाद्रीसाहेबांचा. शाळा काढणारे, घरोघरी शुभवर्तमान सांगणारे साहेब पहिल्या महायुद्धात घोडदळाचे कप्तान झाले, बसऱ्याकडे लढले, पदक घेऊन परतले. सगळं कोरलंय. घोड्याचंही नाव आहे, प्रिन्स. त्या प्रिन्सला रोज खरारा करणारे, त्याच्यामागे वाळूतून पायी चालणारे आणि तिकडेच तापाने गेलेले शांतवन मात्र नाहीत.

आमच्या घरात सांगतात, साहेब परतल्यावर शांतवनच्या बायकोला भेटायला आले. ओट्यावर बसून प्रिन्स कसा पडला ते सांगताना रडले. नवऱ्याबद्दल तिला म्हणाले, "देवाची इच्छा." दगड बसवायचं ठरलं तेव्हा मी यावर पत्रकं काढली, दारोदार वाटली. चर्चच्या पंचांचं म्हणणं एकच, शांतवन काही शिपाई नव्हते, नोकर होते. मग माझा व्हिसा आला. त्या रविवारी आई एकटीच उभी राहिली आणि आमचं नाव कुठाय म्हणून विचारलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, तुमची पुढारीण पळाली की." लोक हसले.

इथे मस्कतच्या रुवीत मी छपाईच्या दुकानात डिझाइन करते. तिकडे मी लोकांना धारेवर धरायचे, इथे कुणी यल्ला, चल आटप, म्हटलं की मान खाली घालून फाइल पाठवते. गेल्या महिन्यात इब्रा गावातल्या एका तबेल्याचं काम आलं, घोड्यांच्या शोसाठी बोर्ड. फोटो काढायला गेले तर घोडीला खरारा करत होता खेडचा सचिन. मराठी ऐकून खुलला. निघताना जरा अडखळत म्हणाला, "ताई, खाली बारीक अक्षरात माझं नाव टाकाल काय? आईला फोटो पाठवीन. तिला वाटतं मी इथे झाडू मारतो."

अर्बाबना, म्हणजे आमच्या दुकानाच्या मालकांना, विचारते, इन्शाल्ला, असं मी म्हणाले. विचारलं नाही. मालकाशी वाद नको, नोकरी नवी आहे, एवढंच डोक्यात. बोर्डावर घोडीचं नाव आलं, तिच्या बापाचं आलं, तबेल्याच्या मालकाचं आलं. शोच्या दिवशी सचिन बोर्डाशेजारी उभा राहिला आणि फोन माझ्याच हातात दिला. "काढा ताई. झाडू तरी दिसत नाही ना?"

त्याच आठवड्यात आई फोनवर म्हणाली, "तू इथे असतीस तर बोलली असतीस." मी हो म्हटलं. लाज वाटली.

काल हिंमत करून अर्बाबना विचारलं. ते म्हणाले, त्यात काय, पुढच्या बोर्डावर लिही, आणि सचिनच्या नावाचं स्पेलिंग विचारलं. बस, एवढंच होतं. ज्यासाठी मी तोंड उघडलं नाही ते एवढंच होतं.

घर म्हणजे माझी खोली, माझी माणसं, असं निघताना वाटायचं. आता घर म्हटलं की एकटी उभी असलेली आई दिसते, आणि चर्चमधले बाकीचे तुम्ही, बसलेले. दगडावर खाली एका ओळीची जागा मोकळी आहे. येत्या रविवारी उपासना संपली की उठा, तिच्या शेजारी जाऊन उभे राहा, आणि पाळकांना सांगा: शांतवनचं नाव कोरा.