हलकं नको

भांड्यांच्या दुकानात मी घडीचं स्टूल बघत होते. माझ्या स्वयंपाकघरात दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत, त्यामुळे मिटवून सिलेंडरमागे सरकवता येईल असंच हवं होतं. दुकानदाराने एक स्टूल उघडून दाखवलं आणि खाडकन मिटवलं. माझ्या शेजारी स्टूलच बघत उभ्या असलेल्या बाईने झटकन दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

"दचकले हो," ती हसून म्हणाली.

दचकलेल्या बाईचा हात छातीवर जातो. डोकं झाकायची सवय मार खाऊन लागते.

माझं डोकंच फिरलं. लाटणं घेऊन दारात उभ्या असलेल्या बायकोवरच्या विनोदांना आपण वर्षानुवर्षं हसत आलो. ते लाटणं, तापलेलं उलथणं, कुकरचं झाकण खरोखर कुणाच्या अंगावर येतं, ते तिच्या कोपरावरच्या काळपट वणात दिसत होतं. ज्याला जाब विचारावा तो तिथे नव्हता.

"ताई, हे ॲल्युमिनियमचं न्या. लहान मूलही उचलेल," दुकानदार तिला म्हणाला.

"हलकं नको, दादा." रंगाबद्दल बोलावं तितक्या सहज ती म्हणाली, "एका हाताने उचलून फेकता येणार नाही, असं दाखवा."

त्याने कोपऱ्यातलं लोखंडी स्टूल ओढत आणलं. तिने ते एका हाताने उचलून पाहिलं. उचललं गेलं नाही, तशी तिने समाधानाने मान हलवली.

ॲल्युमिनियमचं मी घेतलं. माझ्या घरी त्यावर फक्त चढायचं होतं.