वहिनींचं मेणाचं बाळ

ही गोष्ट माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला मी जवळजवळ सगळं सांगितलंय — कचेरीतली भांडणं, पत्त्यांत केलेली लबाडी, अगदी लग्नाआधी जिच्यामागे सायकल दामटायचो तिचं नावसुद्धा. ही तेवढी राहिली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही आणि उद्या सकाळी दूध घ्यायला निघालो तर वाटेत भेटणार नाही.

तसं पाहिलं तर काय घडलं होतं? एक तरुण कारकून दोन मित्रांबरोबर यात्रेला गेला, हसला, खिदळला, घरी आला. यात एवढं काय, असं मी स्वतःला इतकी वर्षं विचारत आलो. बऱ्याचदा पटायचंही.

साल अठ्ठ्याहत्तर असेल. मी तेव्हा नाशिकला शरणपूर रोडकडच्या एका बैठ्या चाळीत एकटा राहायचो. शेजारच्या खोलीत भालेराव नवरा-बायको. शांतवनराव शाळेत गणित शिकवायचे, एस्तेरवहिनी शिवणकाम करायच्या. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. रविवारी त्यांच्याकडे मटण शिजलं की माझी वाटी ठरलेली. त्या बदल्यात मी काय द्यायचो? गप्पा. कुठंही जाऊन आलो की त्याला तिखटमीठ लावून सांगायचं, ही माझी सवय. चाळभर माझ्या गोष्टींना गिऱ्हाईक होतं आणि वहिनी त्यात सगळ्यांत पुढे.

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. मुंबईहून, वसईहून गाड्या भरभरून माणसं येतात आणि स्टेशनापासून पायी जातात, काही जण अनवाणी. आम्ही तिघं कारकून तिकडे निघालो होतो ते निव्वळ मजा म्हणून. एकाने मेव्हण्याचा कॅमेरा उसना आणला होता आणि आम्हाला मुंबईच्या पोरी बघायच्या होत्या. खरं तेच सांगतो.

आदल्या संध्याकाळी शांतवनराव शिकवणीला गेल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. शिवणयंत्राच्या खणातून एक रुमाल काढला. आत वीतभर लांबीचं मेणाचं बाळ. मावसबहिणीकरवी वांद्र्याहून गुपचूप आणवलेलं. अंगात पांढरं झबलं, ते वहिनींनी स्वतः शिवलेलं — गळ्याशी इतके बारीक टाके की डोळे ताणून बघावे लागत. तिथं नवसाची अशी रीत आहे. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय वाहतो, ज्याला घर हवं तो मेणाचं घर.

मग त्या स्वतः का गेल्या नाहीत? भालेराव प्रॉटेस्टंट. शांतवनरावांचे थोरले भाऊ त्यांच्या चर्चच्या मंडळीचे पंच. मूर्तीपुढे काही वाहणं म्हणजे त्यांच्या लेखी रोमन कॅथलिक लोकांचं खूळ, वर पाप. ओळखीच्या कुणी वहिनींना तिथं पाहिलं असतं तर घरात मोठं वादळ झालं असतं. मी पडलो हिंदू, त्यातून हौशी. माझ्याकडे कोण बघणार?

"भाऊजी, स्टेशनापासून अनवाणी जा. वाटेत कुणाशी बोलू नका. बाळ त्याच्या पायाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि तिथं काय दिसलं, कुणी काय बोललं, ते मला येऊन सांगा. मला त्यावरून ठरवायचंय."

काय ठरवायचं होतं, ते मला माहीत होतं. हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर पुढे गाळायचा मोह होईल. गावातल्या एका बालगृहात दीड वर्षाची एक मुलगी होती. दर शनिवारी दोघं तिला भेटायला जायचे. ती शांतवनरावांचा चष्मा ओढायची, आणि ते आठवडाभर चाळीत त्याचंच कौतुक सांगायचे. तिला घरी आणायचे कागद तयार होते. वहिनींची सही तेवढी राहिली होती. त्यांचं मन एका जागी अडलं होतं — आपलं स्वतःचं व्हायचं असेल तर? हे त्यांना वर विचारायचं होतं. आणि विचारायला त्यांनी पाठवलं कुणाला, तर मला.

मी अनवाणी चाललो का? नाही. बोलायचं थांबलो? ते तर मला झोपेतही जमत नाही. आम्ही शिट्ट्या मारत, फोटो काढत, पाळण्यात बसत निम्मी वाट संपवली. ऊन चढलं तसं एका रसवंतीत शिरलो. बाकड्यावर पिशवी ठेवताना रुमाल बाहेर आला आणि मित्रांनी विचारलं, हे काय?

मी सांगितलं. वहिनींचं गुपित, पंच दीर, सगळं — तेही रंगवून. मित्र हसले. ते हसले की मला जोर चढतो. म्हटलं, बाळ आहे तर बारसं नको का? मी बाळाचं झबलं काढलं आणि ते रसाच्या रिकाम्या ग्लासावर चढवलं. मग आपल्याकडे पाळण्याच्या वरून-खालून बाळ देतात-घेतात, तसं आम्ही बाकड्याच्या वरून-खालून ते मेणाचं बाळ फिरवू लागलो. बायकी आवाज काढून त्याच्या कानात कुर्रर्र केलं. शेजारच्या बाकावर लाल लुगड्यातली एक वसईची म्हातारी चपला हातात धरून बसली होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. चरकाशी उभा असलेला रसवाला दिंडोरीकडचा होता. तो म्हणाला, "सायेब, नवसाचं हाय ते. नका खेळू."

त्याचं ऐकलं असतं तर? पण तेव्हा मी त्याचीही नक्कल केली. पुढच्या फेरीत बाळ मित्राच्या हातातून निसटलं, फरशीवर पडलं आणि मान तुटली. मग कुणीतरी फिसकन हसलं आणि मीही हसलो.

बाहेर दहा पावलांवर मेणाची बाळंच बाळं विकायला होती. दुसरं घेऊन रांगेत उभं राहणं काही अवघड नव्हतं. पण रांग लांब होती आणि मित्रांना दुपारचा सिनेमा गाठायचा होता. मी दोन्ही तुकडे उसाच्या चिपाडांच्या ढिगात टाकले. झबलं ग्लासावरच राहिलं. बाळ येशूचं दार मी त्या दिवशी पाहिलंसुद्धा नाही.

इथवर तरी तो नुसता वात्रटपणा होता, असं म्हणता येईल. खरा गुन्हा पुढचा.

संध्याकाळी वहिनी दारातच उभ्या होत्या. "ठेवलं," एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. खोटंच, पण लहान. त्यांनी विचारलं, कुणी काही बोललं का? त्या माझ्याकडे अशा बघत होत्या की मला रिकाम्या हाताने उभं राहवेना. आणि गोष्ट जमवणं तर माझ्या हातचा मळ! मी सांगितलं की तिथं एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या. त्यांनी ते बाळ उचललं, कपाळाला लावलं आणि मला म्हणाल्या, पुढच्या वर्षी तिला तिच्या लेकराला घेऊन यायला सांग.

वहिनींनी दाराची चौकट धरली. त्या रडल्या, मग हसल्या, आणि माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या की फार पोळले असतील. मला गरम पाणी आणून दिलं. मी पाय त्यात बुडवून बसलो.

पुढल्या शनिवारी त्या बालगृहात गेल्या नाहीत. महिन्याभरात कागद परत गेले. शांतवनरावांना कशातलं काहीच ठाऊक नव्हतं. शनिवारी ते ओट्यावर वह्या तपासत बसू लागले. त्या मुलीला पुढे कुणी नेलं का? मी कधी चौकशी केली नाही. ते बालगृह माझ्या कचेरीच्या वाटेवर होतं. मी वाट बदलली.

वर्ष गेलं, दुसरं गेलं. माझं लग्न झालं, मुलगा झाला. वहिनींनी त्याला झबली शिवली, अर्धा डझन. मी ती घेतली.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात शांतवनरावांची बदली मनमाडला झाली. सामानाचा ट्रक यायचा होता, शांतवनराव त्याला रस्ता दाखवायला नाक्यावर गेले होते. मी बांधाबांधीला मदत करत होतो. वहिनींनी स्टोव्ह शेवटपर्यंत बांधला नव्हता. चहा टाकला. त्यांची चाळिशी उलटली होती. यात्रेचा विषय पाच वर्षांत आमच्यात कधी निघाला नव्हता. त्या दिवशी त्यांनीच काढला.

"भाऊजी, तुम्ही माझ्यासाठी अनवाणी गेलात, तुमच्याकडून काही कमी पडलं नाही," त्या म्हणाल्या. "सिस्टर पण खोटं कशाला बोलतील? माझाच विश्वास कमी पडला. मी घरच्यांना भिऊन स्वतः गेले नाही ना, त्याची ही शिक्षा."

पाच वर्षं त्या रोज हा हिशेब स्वतःच्या अंगावर लावून घेत होत्या, आणि मी भिंतीपलीकडे राहत होतो. ट्रक यायला अजून अवकाश होता. खोलीत आम्ही दोघंच होतो. एका वाक्याचं काम होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. मग मला वाटलं, या आता माझ्याकडे कशा बघतील? त्यांचं काय होईल, हा विचार माझ्या मनात आला नाही. फक्त माझ्याकडे कशा बघतील, एवढाच.

मी देव मानत नाही. तेव्हाही मानत नव्हतो.

"त्याची इच्छा, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली आणि माझ्या कपात चहा ओतला.